हाडांनी ऐकताना

दिवाळीच्या फराळाबरोबर करून पाहण्यासारखा एक प्रयोग सांगतो. कुरकुरीत चकलीचा तुकडा तोंडात टाका, दोन्ही कान बोटांनी घट्ट बंद करा आणि चावा. कान बंद केल्यावर आवाज कमी व्हायला हवा, पण तो वाढतो. अगदी डोक्यात घुमतो. शेजारी बसलेल्याला मात्र त्यातले फार थोडे ऐकू येते. याचे कारण असे की हा आवाज मुख्यतः कानाच्या छिद्रातून आत आलेलाच नसतो. दातांतून जबड्यात, जबड्यातून कवटीत आणि तिथून आंतरकर्णात असा त्याचा प्रवास होतो. ऐकण्याच्या या दुसऱ्या वाटेला अस्थिवहन म्हणतात.

याच वाटेचा उपयोग करणारे बिनतारी हेडफोन अलीकडे आमच्या भागात बरेच दिसू लागले आहेत. ठाण्याच्या तलावपाळीवर, उपवनच्या काठाने, कल्याणच्या काळ्या तलावाभोवती पहाटे चालणाऱ्या-धावणाऱ्यांकडे नीट पाहिले तर मानेमागून गेलेली एक पातळ कमान दिसते. तिची दोन टोके कानाच्या पुढे, गालाच्या हाडावर टेकलेली असतात आणि कान पूर्ण मोकळे असतात. मी डोंबिवलीत राहतो, आणि गेली दोन वर्षे हे यंत्र रोज वापरतो. ते हौसेने घेतले नव्हते. लहानपणी माझा डावा कान वाहत असे. पडद्याला भोक राहिले ते राहिलेच. कानात बोंड घालून गाणी ऐकायला लागलो की ओल धरून कान पुन्हा वाहू लागे. तेव्हा कानाला वळसा घालून ऐकण्याची सोय आहे असे कळल्यावर मी ती घेतली. ती घेतल्यावर तिच्यामागचे शास्त्र वाचायला लागलो, आणि आपण किती गोष्टी गृहीत धरून चाललो होतो ते ध्यानात आले.

आधी नेहमीची वाट पाहू. हवेतली कंपने कानाच्या नळीतून पडद्यावर आदळतात. पडद्यामागे हातोडी, ऐरण आणि रिकीब अशी तीन चिमुकली हाडे असतात. ती हे हलणे पुढे आंतरकर्णातल्या शंखाच्या आकाराच्या, द्रवाने भरलेल्या नळीत पोहोचवतात. तिथल्या केशपेशी त्या हालचालीचे विद्युत संदेशात रूपांतर करतात आणि श्रवणनस तो मेंदूकडे नेते. अस्थिवहनात पहिला अर्धा प्रवास गाळला जातो. कवटीच थरथरते आणि तिच्यात बसवलेल्या शंखातला द्रव हलतो. पुढचे सगळे तेच. हे 'तेच' असणे गेऑर्ग फॉन बेकेशी यांनी 1932 साली एका सुंदर प्रयोगाने दाखवले. हाडातून दिलेला एक सूर त्यांनी हवेतून दिलेल्या त्याच सुराने, त्याची तीव्रता आणि कला बदलत बदलत, पूर्ण पुसून टाकला. दोन आवाज एकमेकांना पुसतात ते एकाच ठिकाणी भेटत असतील तरच. शंखाच्या कार्याविषयीच्या संशोधनासाठी बेकेशी यांना 1961 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

तसे हे ज्ञान जुने आहे. सोळाव्या शतकात इटलीतला वैद्य आणि गणिती जिरोलामो कार्दानो याने दातांत धरलेल्या काठीतून आवाज ऐकू येतो हे नोंदवले होते. 1924 साली अमेरिकेत ह्यूगो गर्न्सबॅक यांना दातांत धरून ऐकण्याच्या 'ऑसोफोन' या यंत्राचे पेटंट मिळाले. 1977 साली स्वीडनमधील गोथेनबर्ग येथे अँडर्स शेलस्ट्रोम यांनी कानामागच्या हाडात टायटॅनियमचा खिळा बसवून त्यावर श्रवणयंत्र जोडण्याची शस्त्रक्रिया केली. आपल्याकडे गाणाऱ्यांना ही वाट शास्त्र न शिकता ठाऊक आहे. तंबोऱ्याच्या दांडीला जबडा टेकवून पाहा, षड्ज अंगात भरल्यासारखा वाटतो. गाताना कानावर हात ठेवला की स्वतःचा खर्ज अधिक भरीव ऐकू येतो, तेही याचमुळे. आणि ध्वनिमुद्रित झालेला आपला आवाज आपल्यालाच परका का वाटतो, तर रोज ऐकताना त्यात मिसळणारा हाडाचा वाटा त्या मुद्रणात नसतो.

माझ्यापुरते सांगायचे तर या शास्त्राशी पहिली ओळख शाळकरी वयात झाली होती, पण तेव्हा ती कळली नव्हती. कानाच्या डॉक्टरांनी नादकाटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवला, मग कानासमोर धरला आणि विचारले, "कुठे मोठा वाजतो?" निरोगी कानाला तो हवेतून मोठा वाजतो. मला डाव्या बाजूला हाडावर मोठा वाजला. मग त्यांनी तो कपाळाच्या मध्यावर ठेवला. आवाज डावीकडे गेला, म्हणजे बिघडलेल्या कानाकडे! मला वाटले, आपला कान बरा झाला. प्रत्यक्षात त्यातून डॉक्टरांना कळले ते असे की दोष पडद्याच्या बाजूला आहे, आतला शंख शाबूत आहे. पहिली चाचणी रिने यांची, 1855 सालची. दुसरी वेबर यांची, तिच्याहूनही जुनी. आजही कानाच्या तपासणीत दोन्ही केल्या जातात. अस्थिवहनाचा हेडफोन मला मानवला तो या शाबूत शंखामुळे. हा मुद्दा शेवटी पुन्हा लागणार आहे.

आता रोजच्या वापराचा अनुभव. बोललेला शब्द या यंत्रातून स्वच्छ येतो. मुलाखत, व्याख्यान, बातम्या, फोनवरचे बोलणे यांना ते उत्तम. संगीतात मात्र खालच्या स्वरांची बाजू लंगडी पडते. तबल्याची चाट कळते, डग्ग्याची घुमक विरळ होते, आणि आवाज वाढवला की ती गालाला गुदगुल्यांसारखी जाणवते. डावे-उजवेही फारसे वेगळे राहत नाही, कारण एका बाजूचे कंपन जवळजवळ न घटता दुसऱ्या बाजूच्या शंखातही पोहोचते. एका कानाचे अस्थिवहन तपासताना दुसऱ्या कानात खरखर सोडून त्याला गुंतवून ठेवावे लागते, ते याचसाठी. पावसाळ्यात धावणाऱ्यांनी खोक्यावरचा अंक वाचावा. आयपी 55 म्हणजे पाण्याचे फवारे सोसणारे, आयपी 67 म्हणजे एक मीटर खोल पाण्यात अर्धा तास टिकणारे. पोहताना मात्र ब्लूटूथच्या लहरी पाण्यात फार लांब जात नाहीत. म्हणून पोहण्यासाठीच्या यंत्रात गाणी साठवण्याची सोय असावी लागते.

हे सगळे किरकोळ गुणदोष झाले. या यंत्राचा खरा दावा सुरक्षिततेचा आहे: कान मोकळे, म्हणून रस्त्यावर सावध. डोंबिवलीत जिथे पदपथ असून नसल्यासारखा आणि रिक्षा, दुचाकी, माणसे एकाच पट्ट्यातून चालतात, तिथे हा दावा मोलाचा वाटतो. मलाही वाटला. मागच्या पावसाळ्यात फडके रोडच्या मागच्या गल्लीतून चालत होतो. हेडफोनवर एक जुने व्याख्यान चालू होते. रिक्षाचा आरसा कोपराला घासून गेला तेव्हा मी भानावर आलो. रिक्षावाला थांबून म्हणाला, "काका, तीन वेळा हॉर्न दिला. लक्ष कुठंय?" माझे दोन्ही कान उघडे होते. हॉर्न त्यांच्यापर्यंत पोहोचला असणारच. ऐकला मात्र मी नाही.

याचे उत्तर कानात नाही, अवधानात आहे. 1953 साली इंग्लंडमधील संशोधक कॉलिन चेरी यांनी लोकांच्या दोन कानांत दोन वेगळी भाषणे सोडली आणि एका कानातले भाषण मोठ्याने म्हणत राहायला सांगितले. दुसऱ्या कानातले शब्द त्यांना आठवेनात; तिथली भाषा इंग्रजीची जर्मन झाली तरी बहुतेकांना कळले नाही. आवाज पुरुषाचा की बाईचा, एवढे तेवढे जाणवले. म्हणजे मन एका बोलण्यात गुंतले की दुसऱ्या कानाचे दार उघडे असून आतले कोणी उठत नाही. अस्थिवहनाने नळी मोकळी राहते, हा फायदा खरा आहे. कान बुजवणाऱ्या बोंडांपेक्षा ते केव्हाही बरे. पण मोकळी नळी म्हणजे सावध मन नव्हे. त्या दिवसापासून मी एक नियम पाळतो. तलावाभोवती किंवा बंद मैदानात व्याख्यान ऐकायचे, रहदारीत फार तर ओळखीचे गाणे, आणि रूळ किंवा रस्ता ओलांडताना काहीच नाही. रूळ ओलांडणे हा 1989 च्या रेल्वे कायद्याच्या 147 व्या कलमाखाली गुन्हा आहे, तरी आमच्या मार्गावर तो रोज घडतो. विजेची लोकल पुढून येताना किती कमी आवाज करते, हे फलाटाच्या टोकाला उभे राहिलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही.

दुसरा गैरसमज असा की आवाज पडद्यावर आदळत नाही म्हणून या हेडफोनने कान बिघडत नाही. बेकेशींचा प्रयोग आठवला की हा समज टिकत नाही. मोठ्या आवाजाने झिजतात त्या शंखातल्या केशपेशी, आणि दोन्ही वाटा तिथेच जातात. या पेशी माणसात पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाने 80 डेसिबलचा आवाज आठवड्याला 40 तास चालतो. 90 डेसिबलला ही मुदत 4 तासांवर येते. डोंबिवलीहून धिम्या लोकलने मुंबईला रोज सव्वा तास जाणे आणि सव्वा तास येणे धरले, तर सहा दिवसांचे 15 तास होतात. त्याच हिशेबाने तेवढ्या वेळासाठी सरासरी मर्यादा सुमारे 84 डेसिबल येते, आणि त्यात गाडीचा खडखडाटही मोजायचा असतो. इथे मोकळा कान उलट अंगावर येतो. खडखडाट सरळ आत येतो, म्हणून आपण गाणे वाढवतो, आणि शंखाला दोन्हींचा भार सोसावा लागतो. खडखडाटात गाणे ऐकू आले नाही तर आवाज न वाढवता ते थांबवावे, हा साधा उपाय आहे. बसायला जागा असेल तर औषधांच्या दुकानात मिळणारे स्पंजचे बोळे कानात घालावेत. बाहेरचा गोंगाट घटतो, चकलीच्या प्रयोगाप्रमाणे हाडातला आवाज भरीव होतो, आणि कमी आवाजात काम भागते. मात्र गाडीतून उतरण्याआधी बोळे काढायचे. आणि माझ्यासारखा कान वाहणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ते घालायचेच नाहीत.

आता शेवटची, आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट. कल्याणच्या माझ्या मावशीला हल्ली कमी ऐकू येते. तिच्या मुलाने माझा हेडफोन पाहून तिच्यासाठी दिवाळीला तसाच घ्यायचे ठरवले. "हाडातून ऐकू येतं ना, मग आईला लागू पडेल," असे त्याचे म्हणणे. मी त्याला आधी ऑडिओग्राम काढायला लावला. त्या कागदावर हवेतून ऐकण्याची एक रेघ असते आणि हाडातून ऐकण्याची दुसरी. दोन रेघांत मोठे अंतर असेल तर दोष पडद्याच्या किंवा तीन हाडांच्या बाजूला असतो. तिथे अस्थिवहनाची वाट उपयोगी पडते. दोन्ही रेघा बरोबरीने खाली उतरल्या असतील तर शंख किंवा नस थकलेली असते. वयाबरोबर येणारा बहिरेपणा बहुधा या दुसऱ्या प्रकारचा असतो. तिथे कवटी कितीही हलवली तरी ऐकणाराच थकलेला. मावशीच्या दोन्ही रेघा जवळजवळ एकमेकींवर होत्या. तिला हवे होते ते नेहमीचे, तिच्या मापाने जुळवलेले श्रवणयंत्र. ही तपासणी वांद्रे येथील अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत होते. 1983 साली स्थापन झालेली ही संस्था याच कामासाठी आहे. जवळच्या कान-नाक-घसा तज्ज्ञांकडेही तिची सोय असते आणि तिला तास-दीड तासापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

हेडफोनचे पैसे वाचले, ते श्रवणयंत्रात घातले. पहिले काही दिवस मावशीला ते नकोसे झाले; भांड्यांचा, पंख्याचा, फोडणीचा आवाज अंगावर येतो म्हणाली. दोनदा जाऊन यंत्र जुळवून घेतल्यावर सवय झाली. परवा गेलो तेव्हा माझ्या मानेभोवतीच्या कमानीकडे बोट दाखवून तिने विचारले, "हे काढलंस तर माझ्याशी बोलशील ना?" मी ते काढून पिशवीत ठेवले. ती बोलत राहिली, आणि मी दोन्ही कानांनी ऐकत राहिलो.