एआय विकत घेताना, भाग ६ : सही करण्याआधी काय लिहून घ्याल?

मागच्या भागात आपण एआय कोणत्या कामाला लावावं आणि कोणत्या कामापासून लांब ठेवावं, ते पाहिलं. आता समजा काम ठरलं, दोन-तीन कंपन्यांची कोटेशनं आली, डेमोही आवडला. यापुढची पायरी म्हणजे करारावर सही. छोट्या आणि मध्यम उद्योगांत सगळ्यात जास्त घाई होते ती इथेच.

सुरुवात कॅनडातल्या एका निकालापासून करू. नोव्हेंबर २०२२ मध्ये एका प्रवाशाची आजी वारली. तातडीनं विमानानं जायचं होतं, म्हणून त्यानं एअर कॅनडाच्या वेबसाइटवरच्या चॅटबॉटला अशा प्रसंगी मिळणाऱ्या सवलतीबद्दल विचारलं. तिकीट आत्ता काढा, ९० दिवसांच्या आत अर्ज केलात तर फरकाची रक्कम परत मिळेल, असं उत्तर आलं. कंपनीच्या नियमानुसार मात्र प्रवास झाल्यावर ही सवलत मागताच येत नव्हती. कंपनीनं पैसे नाकारले आणि प्रकरण ब्रिटिश कोलंबियातल्या न्यायाधिकरणापुढे गेलं. चॅटबॉट जे बोलला त्याला तोच जबाबदार, असा कंपनीच्या बचावाचा रोख होता. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यायाधिकरणानं तो फेटाळला. माहिती वेबसाइटच्या साध्या पानावर असो किंवा चॅटबॉटनं दिलेली असो, तिची जबाबदारी कंपनीचीच, असं ठरलं. नुकसानभरपाई, व्याज आणि शुल्क धरून सुमारे ८१२ कॅनेडियन डॉलर द्यावे लागले. रक्कम किरकोळ, पण धडा मोठा आहे: ग्राहकाला उत्तर द्यावं लागतं ते एआय वापरणाऱ्या व्यवसायाला.

हा निकाल आपल्या न्यायालयांवर बंधनकारक नाही. मात्र वैयक्तिक माहितीच्या बाबतीत आपला कायदाही हेच सांगतो. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानुसार ग्राहकाची माहिती कशासाठी आणि कशी वापरायची हे जो ठरवतो, तोच तिला जबाबदार असतो. काम बाहेरच्या कंपनीकडे सोपवलं आणि करारात काहीही वेगळं लिहिलं, तरी ही जबाबदारी टळत नाही. माहितीच्या सुरक्षेची वाजवी काळजी न घेतल्यास २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. या कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्यांच्या तयारीसाठी त्यांत १८ महिन्यांची मुदत ठेवली गेली.

आता पुरवठादाराचा छापील करार उघडा. ‘आमची एकूण जबाबदारी मागच्या बारा महिन्यांत तुम्ही भरलेल्या रकमेपुरती राहील,’ अशा अर्थाचं कलम त्यात बहुधा सापडेल. महिन्याला आठ हजार रुपये भरत असाल, तर पुरवठादाराकडून जास्तीत जास्त ९६ हजार मिळतील. तुमच्यावर येणारा दंड किंवा दावा त्याच्या कितीतरी पट असू शकतो. म्हणून माहितीची गळती, गोपनीयतेचा भंग आणि दुसऱ्याच्या कॉपीराइटचं उल्लंघन या तीन गोष्टी त्या मर्यादेतून वगळून घ्या, किंवा त्यांच्यासाठी वेगळी, मोठी मर्यादा ठरवा. पुरवठादार सहज कबूल होणार नाही. तरी मागा, कारण सही झाल्यावर हे मागायला जागाच उरत नाही.

माहितीबद्दल आणखी चार गोष्टी लेखी हव्यात. ती कोणत्या देशातल्या सर्व्हरवर राहील? पुरवठादार ती पुढे आणखी कोणाकडे देईल? तुमची माहिती वापरून तो स्वतःचं मॉडेल शिकवणार का? आणि गळती झाली तर तो तुम्हाला किती तासांत कळवेल? सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार ठरावीक सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत तिला कळवाव्या लागतात. तुमचा पुरवठादार तीन दिवसांनी कळवणार असेल, तर तुम्हाला वेळेत कळणार कसं?

आता तांत्रिक बाजू. शिरोली एमआयडीसीतल्या एखाद्या फाउंड्रीला कास्टिंग तपासणारी कॅमेऱ्याची यंत्रणा घ्यायची आहे असं धरा. विक्रेता म्हणतो, अचूकता ९८ टक्के. हजार कास्टिंगमागे वीस सदोष निघत असतील, तर सगळ्यांनाच ‘ओके’ म्हणणारी यंत्रणासुद्धा ९८ टक्के बरोबर ठरते, आणि तरी ब्लो होल असलेला एकही नग तिनं पकडलेला नसतो. त्यामुळे दोन आकडे वेगवेगळे मागा: वीस सदोष नगांपैकी किती पकडले आणि ९८० चांगल्या नगांपैकी किती विनाकारण रिजेक्ट केले. चाचणी तुमच्याच शॉप फ्लोअरवर, तिथल्या उजेडात, तिथल्या धुळीत आणि तुमच्याच मालावर व्हायला हवी. कोणता आकडा गाठला की यंत्रणा स्वीकारायची ते करारात लिहा आणि शेवटचा हप्ता त्याला बांधा.

स्वीकारलेली यंत्रणा तशीच राहील, याचीही खात्री नसते. ऑनलाइन सेवेत मॉडेलची आवृत्ती पुरवठादाराच्या बाजूनं बदलते आणि काल बरोबर येणारं उत्तर आज चुकू शकतं. बदलाची आगाऊ सूचना, जुनी आवृत्ती काही काळ चालू ठेवण्याची मुभा आणि प्रत्येक निर्णयाची नोंद, या तिन्ही गोष्टी मागा. उद्या एखाद्याचा कर्जाचा किंवा नोकरीचा अर्ज का नाकारला असं कोणी विचारलं, तर ती नोंदच तुमच्या कामी येईल.

खास तुमच्यासाठी सॉफ्टवेअर बनवून घेत असाल, तर पैसे दिले म्हणजे हक्क आपलेच, असं गृहीत धरू नका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ नुसार हक्कांचं हस्तांतर लेखी लागतं. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते आणि प्रदेश लिहिला नसेल तर हक्क भारतापुरतेच मिळतात. निर्यात करणाऱ्यांनी हे विशेष ध्यानात ठेवावं.

यातलं सगळं प्रत्येक करारात पदरात पडेल असं नाही. पण जो पुरवठादार गळतीची जबाबदारीही घेत नाही आणि तुमच्या मालावर चाचणीही देत नाही, त्याच्याकडून स्वस्तातसुद्धा एआय घेऊ नये, असं माझं ठाम मत आहे. चूक त्याच्या यंत्रणेची असेल, पण ग्राहक दार ठोठावेल ते तुमचंच.

पुढच्या भागात : करार संपवताना आपली माहिती परत कशी मिळवायची आणि पुरवठादार बदलताना काम बंद कसं पडू द्यायचं नाही.