थ्री किंग्ज चर्चचं भूत: गोष्ट आली कुठून?

गोवा ट्रिपच्या रील्समध्ये कासावलीजवळच्या टेकडीवरचं थ्री किंग्ज चर्च हमखास दिसतं. म्हणे, तीन पोर्तुगीज राजे सत्तेसाठी भांडले, एकाने बाकी दोघांना विष घातलं, मग स्वतःही मेला. तिघांची भुतं तिथेच फिरतात.

आता लॉजिक लावू. पोर्तुगालचा राजा गोव्यात राहतच नव्हता. त्याच्या वतीने व्हाइसरॉय किंवा गव्हर्नर कारभार बघायचा. मग 'तीन राजे' कोण? बायबलमधले, बाळ येशूला भेटायला आलेले. ६ जानेवारीला त्यांचा सण असतो. तीन गावांतली तीन मुलं राजे बनून घोड्यावरून टेकडी चढतात. म्हणजे नाव सणाचं, भूत त्या नावाला चिकटलेलं. आपल्या लोणारच्या विवराला लवणासुर चिकटला, तसंच.

त्यामुळे रात्री टॉर्च घेऊन प्रार्थनेच्या जागी दंगा नको. सणाला जा, खरे 'राजे' भेटतील!