सही करण्याआधी भाषा विचारा

शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या कितीतरी गावांत आता सकाळी कंपनीची गाडी येते. कुणी रांजणगाव एमआयडीसीत पॅकिंगला जाते, कुणी कुरकुंभच्या केमिकल कंपनीत साफसफाईला. घरात मराठी, सुपरवायझरशी हिंदी, आणि सही करायचा कागद मात्र इंग्रजीत! आज त्याबद्दलच बोलू.

१९६४ च्या कायद्याने मराठी ही महाराष्ट्राची राजभाषा झाली. पण तो कायदा सरकारी कामकाजासाठी आहे. कारखान्यांसाठी १९४८ च्या कारखाने कायद्यात वेगळा नियम होता. कामगारांच्या हक्कांची आणि सुरक्षिततेची माहिती मुख्य दरवाजाजवळ लावायची, तीही इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल अशा भाषेत.

यातला 'बहुसंख्य' हा शब्द ध्यानात घ्या. शेडमध्ये बिहार-उत्तर प्रदेशची माणसं जास्त असली, तर पाटी हिंदीत लागते. मग आपण आपल्याच तालुक्यात थोड्या ठरतो. जिथे आपण जास्त, तिथे ओडिशाहून आलेली बाई मराठी पाटीपुढे नुसती उभी राहते. फिनलंड देशात स्वीडिश बोलणारे शंभरात जेमतेम पाच. तरी फिनिश आणि स्वीडिश या दोन्ही भाषा तिथे राष्ट्रभाषा आहेत, आणि सरकारी कचेरीत स्वीडिश माणूस आपल्या भाषेत काम करून मागू शकतो. थोड्यांच्या भाषेलाही कायद्यात जागा देता येते, ती अशी.

आपल्याकडेही एक मोठा आधार आहे. राज्यघटनेच्या कलम ३५० प्रमाणे केंद्राच्या किंवा राज्याच्या कोणत्याही अधिकाऱ्याकडे गाऱ्हाणं मांडताना देशात किंवा राज्यात वापरली जाणारी भाषा वापरता येते. म्हणून कामगार कार्यालयाकडे अर्ज बिनधास्त मराठीत लिहा. शेजारच्या परप्रांतीय बाईला हिंदीत लिहू द्या. दोघींनीही अर्जाची पोच घ्या.

कामावर त्रास देणाऱ्या पुरुषाविरुद्ध तक्रार करायची असेल, तर २०१३ चा कायदा आहे. दहा किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे तक्रार समिती हवीच. तक्रार तीन महिन्यांच्या आत लेखी द्यायची. लिहिता येत नसेल, तर लिहून घ्यायला मदत करणं हे समितीचं काम आहे. "इंग्रजीत आणा" म्हणून कुणी परत पाठवलं, तर ऐकू नका.

आता रोजच्या चार गोष्टी. न समजलेल्या कागदावर सही किंवा अंगठा नको. कोऱ्या कागदावर तर मुळीच नको. त्यावर उद्या राजीनामाही लिहिला जाऊ शकतो. "मला मराठीत वाचून दाखवा" असं सांगा, आणि कागदाची प्रत किंवा मोबाईलवर फोटो ठेवा. चौथी गोष्ट केमिकलच्या डब्यांची. लाल चौकटीतलं चित्र बघा: ज्वाळा म्हणजे पेट घेणारं, कवटी म्हणजे विषारी, हातावर थेंब पडून हात झिजलेला दिसला तर कातडी जाळणारं. ही चित्रं कोणत्याही भाषेच्या बाईला कळतात.

बचत गटाच्या पुढच्या बैठकीत प्रत्येकीने कंपनीचा एकेक कागद आणा. शिकलेल्या मुलीकडून मोठ्याने वाचून घ्या. कुणाची पगाराची पावती निघेल, कुणाचं फंडाचं पत्र. आपण कशावर सही केली, ते त्या दिवशी तरी कळेल.