न्यायाधीश निवडायचा कसा? पात्रता, योग्यता आणि न्यूयॉर्कचं एक उदाहरण

मागच्या वेळी आपण न्याय म्हणजे काय ते पाहिलं. आज प्रश्न जरा खालच्या पायरीवरचा, पण कठीण आहे: न्याय देणारा माणूस पारखायचा कसा? उदाहरण अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्याचं घेऊ, कारण तिथं ही पारख सगळ्यांच्या देखत झाली.

आधी एक घोटाळा दूर करतो. न्यूयॉर्कमध्ये 'सुप्रीम कोर्ट' हे खालचं न्यायालय. राज्याचं सर्वोच्च न्यायालय म्हणजे 'कोर्ट ऑफ अपील्स'. न्यायाधीश सात, मुदत चौदा वर्षं. बारा जणांचा आयोग नावांची यादी करतो, गव्हर्नरने त्यातूनच एक नाव निवडायचं आणि राज्याच्या सिनेटने ते मान्य करायचं. डिसेंबर 2022 मध्ये गव्हर्नर कॅथी होकल यांनी मुख्य न्यायाधीशपदासाठी हेक्टर लासाल यांचं नाव दिलं. आता त्यांना तपासायचं कशावर?

पहिली पायरी पात्रतेची. राज्याचा रहिवासी हवा, वकिलीची सनद मिळून दहा वर्षं झालेली हवीत. हे कागदावर दिसतं, त्यात वादाला जागा नाही. आपल्याकडेही उच्च न्यायालयासाठी संविधानाच्या अनुच्छेद 217 मध्ये दहा वर्षांची अट आहे. आणि पात्रता वेगळी, योग्यता वेगळी, हा भेद आपल्या सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये महेशचंद्र गुप्ता खटल्यात स्पष्ट केला आहे.

दुसरी पायरी गुणांची: चारित्र्य, स्वभाव, व्यासंग, अनुभव. लासाल आधी सरकारी वकील होते, 2014 पासून अपील विभागात न्यायाधीश आणि पुढे त्या विभागाच्या एका शाखेचे प्रमुख. म्हणजे इथंही ते पार झाले.

भांडण झालं ते तिसऱ्या पायरीवर. ती दृष्टीची. हा माणूस कायदा वाचतो कसा? विरोधकांनी त्यांच्या काही निकालांवर बोट ठेवलं. एका खटल्यात कामगार संघटनेच्या पुढाऱ्यांवर कंपनीला बदनामीचा दावा पुढे चालवता आला. दुसऱ्यात, गर्भपातविरोधी केंद्राकडून राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरलना किती कागद मागता येतील, यावर मर्यादा आली. समर्थक म्हणाले, हे निकाल त्यांनी एकट्याने दिलेले नाहीत, ते खंडपीठात सहभागी होते. आणि हजारो निकालांतून दोन-तीन उचलून माणूस मोजायचा का?

आता बघा, इथं दोन चुका समोरासमोर उभ्या आहेत. पहिली म्हणजे निकाल कुणाच्या बाजूने लागला एवढंच पाहणं. तसं केलं तर आपण न्यायाधीश नव्हे, आपल्या बाजूचा माणूस शोधतो. दुसरी म्हणजे निकालांकडे बघायचंच नाही, कारण ते राजकारण होईल म्हणून. पण न्यायाधीशाचं काम निकालातच असतं! मी प्राध्यापक निवडीच्या समित्यांवर बसलो आहे. तिथं निबंधांची संख्या मोजली जाई, निबंध फारसं कुणी वाचत नसे. मीही कधी कधी वाचले नाहीत, हे कबूल करतो.

मग करायचं काय? मला चार प्रश्न सुचतात. एक, निकालामागची कारणं काय दिली आहेत? दोन, पूर्वीच्या निर्णयांनी हात बांधलेले होते, की निवडीला मोकळीक होती? तीन, एखादा निकाल सुटा आहे, की तसाच कल वारंवार दिसतो? आणि चार, मतभेद नोंदवता येत असताना माणूस गप्प राहिला का? खंडपीठात होतो एवढं म्हणून जबाबदारी संपत नाही. सही हीसुद्धा कृती आहे. यावर पाचवी कसोटी आपल्या स्वतःसाठी: हेच प्रश्न मी माझ्या आवडत्या उमेदवाराला विचारले असते का?

पुढे काय झालं? 18 जानेवारी 2023 ला सिनेटच्या न्यायविषयक समितीत नाव पुढे पाठवायला नऊ जण तयार होते, दहांनी नकार दिला. विषय तिथंच संपला, असं सिनेटच्या नेतृत्वाचं म्हणणं. पूर्ण सभागृहाचं मत हवं, असं गव्हर्नरचं. अखेर 15 फेब्रुवारीला मतदान झालं आणि 39 विरुद्ध 20 मतांनी नाव फेटाळलं गेलं. एप्रिलमध्ये त्याच न्यायालयातले रोवन विल्सन मुख्य न्यायाधीश झाले.

माझं मत विचाराल तर, सिनेटरांनी दृष्टीबद्दल प्रश्न विचारले हे योग्यच होतं. चौदा वर्षं कामगार, भाडेकरू, आरोपी या माणसासमोर उभे राहणार होते. पण ज्याला नाकारायचं त्याला पूर्ण सभागृहापुढे, कारणांसह नाकारावं. न्यायाधीशाकडून आपण कारणं मागतो ना? मग त्याची निवड करणाऱ्यांकडूनही मागायला हवीत. निकाल बरोबर लागला की चूक, हे त्या कारणांवरूनच पुढे ठरवता येतं.

इथं थांबतो. आता तुमचे प्रश्न घेऊ.