अहेरीला रिंगआधी कोच हवा

गडचिरोली जिल्ह्यातल्या अहेरी-आलापल्लीच्या पट्ट्यात दोन बांबू आणि एक जाळी मिळाली की व्हॉलीबॉल सुरू होतो. कबड्डीला तर तेवढंही लागत नाही. गडचिरोली पोलिसांच्या बिरसा मुंडा व्हॉलीबॉल आणि वीर बाबूराव शेडमाके कबड्डी स्पर्धांना संघ मिळतात, कारण हे खेळ गावच शिकवतं. थोरल्याचं बघून धाकटा तयार होतो. बॉक्सिंग असं बघून येत नाही, टीव्हीवर बघून तर मुळीच नाही.

का, ते हाताच्या पट्टीपासूनच कळतं. साडेचार मीटरची ती पट्टी अंगठ्यात फास अडकवून आधी मनगटावर, मग पंजावर, मग बोटांच्या बेचक्यांतून फिरते. सैल राहिली तर मनगट मुरगळतं, आवळली तर बोटं बधिर होतात. कोच मूठ वळायला लावतो, दाबून बघतो, पुन्हा सोडून पुन्हा बांधतो. त्यानंतर बरेच दिवस ठोसा नाहीच, नुसते पाय. डावा पुढे, उजवी टाच किंचित उचललेली, सरकताना पायात पाय येता कामा नये. मग जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. मारलेला हात परत हनुवटीशी आला नाही की कोचचं पॅड हलकेच गालावर टेकतं. ही चूक ज्याची त्याला दिसत नाही. आणि डोक्याला मार बसलाय, आज थांबायचं, हे सांगायलाही जाणतं माणूस समोर लागतं.

म्हणून जिथे कोच टिकला तिथे हा खेळ रुजला. बॉक्सर हवासिंग यांनी 1966 आणि 1970 च्या आशियाई स्पर्धांत सुवर्ण जिंकलं आणि पुढे हरयाणातल्या भिवानीत पोरं घडवली. 2008 साली बीजिंग ऑलिंपिकला गेलेल्या पाच भारतीय बॉक्सरांपैकी चार भिवानीत तयार झालेले होते. त्यांच्यातल्या विजेंदर सिंगच्या कांस्यपदकानंतर देशभर बॉक्सिंगची हवा झाली खरी, पण तालीम त्याच्या कितीतरी आधीची. प्राणहितेपलीकडच्या तेलंगणात निजामाबादची निखत झरीन 2022 आणि 2023 अशी लागोपाठ जगज्जेती झाली. आपल्या नागपूरच्या अल्फिया पठाणनं 2021 मध्ये पोलंडला युवा जागतिक सुवर्ण मिळवलं. पण अहेरीपासून नागपूर अडीचशे किलोमीटरहून लांब. रोज संध्याकाळी सरावाला जायचं ते हे अंतर नव्हे.

चणीनं लहान, काटक पोरीला या खेळात जागा आहे, हे मला फार मोलाचं वाटतं. इथे उंचधिप्पाडांशी गाठ पडत नाही, आपल्याच वजनाची समोर येते. 2025 मध्ये लिव्हरपूलला मीनाक्षी हुडानं जागतिक सुवर्ण जिंकलं ते 48 किलोच्या गटात. तिचे वडील रिक्षाचालक.

पतियाळाच्या राष्ट्रीय क्रीडा संस्थेत सहा आठवड्यांचा प्रमाणपत्र अभ्यासक्रम असतो. अहेरीतल्या एखाद्या आश्रमशाळेच्या क्रीडाशिक्षकाला, शक्यतो गोंडी-माडिया बोलणाऱ्याला, तिथे पाठवावं. रिंग नंतर येऊ दे. सुरुवातीला शाळेचा व्हरांडा, चिंध्या भरून टांगलेलं पोतं आणि चार जोड ग्लोव्ह्ज पुरतील. फक्त त्या शिक्षकाची पुढच्या जूनमध्ये बदली होता कामा नये. सहावीतली पोर दहावीला जाईपर्यंत तरी तिची पट्टी बांधायला तोच हवा.