जाहिरातवाला राजदूत

यशस्वी उद्योगपतीच्या हाती सत्ता दिली की कारभार सुधारतो, ही समजूत आपल्याकडे जुनी आहे आणि अमेरिकेत तर त्याहून जुनी. चेस्टर बोल्स यांची कारकीर्द वरवर पाहिली तर ती या समजुतीला दुजोरा देते. जाहिरात कंपनीचे मालक, युद्धकाळातले भावनियंत्रक, कनेक्टिकटचे गव्हर्नर, प्रतिनिधिगृहाचे सदस्य, परराष्ट्र खात्याचे उपमंत्री आणि दोन वेळा भारतातले राजदूत अशी पदे त्यांनी भूषवली. पण बारकाईने पाहिले तर निष्कर्ष वेगळा निघतो. नफ्यातोट्याचा हिशेब ते बाजारातच ठेवून आले. सोबत आणली ती एकच गोष्ट : काही विकायच्या आधी समोरच्याला काय हवे आहे हे त्याच्या दारात जाऊन विचारण्याची सवय. याच सवयीमुळे ते दिल्लीत मोठे ठरले. वॉशिंग्टनमध्ये मात्र ती पुरली नाही.

बोल्स यांनी येल विद्यापीठातले विल्यम बेंटन यांच्याबरोबर जुलै १९२९ मध्ये न्यूयॉर्कमध्ये जाहिरात कंपनी काढली आणि तीनच महिन्यांत शेअर बाजार कोसळला. मंदीत भल्याभल्या कंपन्या बुडत असताना यांची वाढली, कारण घरोघरी जाऊन गृहिणींची मते गोळा करणे आणि त्यावरून माल, वेष्टन व जाहिरात बेतणे हे त्यांच्या कामाचे सूत्र होते. चाळिशीत बोल्स यांनी धंदा सोडला. १९४३ मध्ये भावनियंत्रण कार्यालय त्यांच्याकडे आले तेव्हा रेशनिंगवर लोक वैतागलेले होते. साखर, मांस, पेट्रोल सगळेच कुपनावर. बोल्स रेडिओवरून लोकांशी थेट बोलू लागले, नियमामागचे कारण समजावू लागले आणि गावोगावच्या पाच हजारांहून अधिक स्थानिक मंडळांवर, म्हणजे तिथे विनावेतन राबणाऱ्या शेजारपाजारच्या माणसांवर, त्यांनी भिस्त ठेवली. कारखानदारांच्या दबावापुढे ते नमले नाहीत. धंदेवाईक माणूस धंद्याचीच बाजू घेणार, हा आक्षेप इथे टिकत नाही.

गव्हर्नर म्हणून त्यांची एकच मुदत झाली. १९५० ची निवडणूक ते हरले. त्यांचा एक निर्णय मात्र खटकतो. सिनेटची जागा रिकामी झाली तेव्हा त्यांनी तिथे नेमले ते आपले जुने भागीदार बेंटन यांना. बेंटन पुढे कम्युनिस्टविरोधी मोहीम चालवणाऱ्या सिनेटर जोसेफ मॅकार्थींविरुद्ध धैर्याने उभे राहिले हे खरे, पण म्हणून नेमणुकीची पद्धत योग्य ठरत नाही.

१९५१ च्या अखेरीस बोल्स राजदूत म्हणून दिल्लीत आले. मुले सायकलवरून भारतीय शाळेत जाऊ लागली आणि वडील खेडी पाहत फिरू लागले. उत्तर प्रदेशात इटावा इथे अमेरिकन नियोजनकार आल्बर्ट मेयर यांच्या मार्गदर्शनाखाली ग्रामविकासाचा प्रयोग चालू होता. तो पाहून बोल्स यांनी ओळखले की भारताला लष्करी करारापेक्षा शेती, पाणी आणि आरोग्य यांसाठी मदत हवी आहे. १९५२ च्या जानेवारीत सुमारे ५ कोटी डॉलरच्या तांत्रिक साहाय्याचा करार झाला. त्याच वर्षी २ ऑक्टोबरला ५५ ठिकाणी समुदाय विकास कार्यक्रम सुरू झाला. कल्पना मूळची बोल्स यांची नव्हे आणि निर्णय नेहरू सरकारचा, पण पैसा आणि पाठिंबा मिळवून देण्यात त्यांचा वाटा मोठा होता.

यावर टीका होते ती अशी, की या कार्यक्रमाने धान्य वाढले नाही आणि तो सरकारी बाबूंचाच राहिला. टीकेत तथ्य आहे. १९५७ मध्ये बलवंतराय मेहता समितीनेही लोकसहभाग तोकडा पडल्याचेच नोंदवले. परंतु त्या अपयशाच्या अभ्यासातूनच पंचायत राज आले. महाराष्ट्रात वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ चा कायदा झाला आणि १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदा सुरू झाल्या. पंचायत समितीत दाखल्यासाठी, घरकुलासाठी ज्यांच्या सहीची आपण वाट पाहतो ते गटविकास अधिकारी हे पद त्या १९५२ च्या ‘ब्लॉक’ योजनेतूनच आले आहे. चुकांमधूनही इतके टिकाऊ काही उभे राहिले असेल, तर त्या प्रयत्नाला फसलेला म्हणणे अन्यायाचे आहे.

दुसरा आरोप अधिक गंभीर आहे : बोल्स अमेरिकेचे राजदूत राहिलेच नाहीत, ते भारताचे वकील झाले. १९५४ मध्ये अमेरिकेने पाकिस्तानला शस्त्रे द्यायचे ठरवले तेव्हा पदावर नसतानाही त्यांनी जाहीर विरोध केला. ही शस्त्रे साम्यवादाविरुद्ध नव्हे, भारताविरुद्ध वापरली जातील, असे त्यांचे म्हणणे होते. १९६५ च्या सप्टेंबरात खेमकरणजवळ असल उत्तर इथे पाकिस्तानच्या अमेरिकन पॅटन रणगाड्यांचा खच पडला तेव्हा ते अक्षरशः खरे ठरले. यजमान देशाचे मन अचूक वाचणे हीच राजदूताची आपल्या देशाची सेवा असते. गोड खोटे कळवणारा दूत कोणाच्याच कामाचा नाही.

मग वॉशिंग्टनमध्ये त्यांचे का चालले नाही? १९६१ मध्ये उपमंत्री असताना त्यांनी अमेरिकेच्या पाठबळाने होणाऱ्या क्युबावरील स्वारीला आधीच लेखी विरोध केला होता. स्वारी फसली, बोल्स यांचा विरोध वृत्तपत्रांपर्यंत पोचला आणि नोव्हेंबरात त्यांचे पद गेले. त्यांची टिपणे लांबलचक असत, बोलणे पाल्हाळिक, आणि अध्यक्ष केनेडींभोवतीच्या मंडळींना दोन वाक्यांत उत्तर हवे असे. हा दोष बोल्स यांचाच. गृहिणीच्या दारात जाऊन विचारणाऱ्या माणसाने आपल्या वरिष्ठांना काय रुचते हे विचारलेच नाही.

१९६३ मध्ये ते पुन्हा दिल्लीला आले. चीनच्या युद्धानंतर भारताला पाच वर्षांत सुमारे ५० कोटी डॉलरची लष्करी मदत द्यावी, अशी योजना त्यांनी आखली. केनेडींचा खून झाला आणि निर्णय लांबला. मे १९६४ मध्ये संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण याच वाटाघाटींसाठी अमेरिकेत होते. २७ मे रोजी नेहरू गेले आणि चव्हाण तातडीने परतले. पुढे काही कर्जमदत मिळाली, पण भारताला हवी असलेली एफ-१०४ विमाने मिळाली नाहीत. सोव्हिएत संघ मात्र मिग द्यायला तयार होता, आणि नाशिकजवळ ओझरला मिग बांधणीचा कारखाना आकार घेऊ लागला. भारतातल्या दुष्काळाच्या काळात केनेडींनंतरचे अध्यक्ष जॉन्सन यांनी गव्हाची जहाजे महिन्यामहिन्याच्या हिशेबाने सोडली, तेव्हाही बोल्स तारांवर तारा पाठवत राहिले. भुकेल्या देशाला ताटकळत ठेवून मैत्री होत नाही, हे त्यांना कळत होते.

जिथे निर्णय त्यांच्या एकट्याच्या हाती आला तिथे मात्र त्यांचा हात थरथरला नाही. ६ मार्च १९६७ च्या संध्याकाळी स्टालिनची मुलगी स्वेतलाना दिल्लीतल्या अमेरिकन वकिलातीत येऊन उभी राहिली. बोल्स यांनी वॉशिंग्टनला तार केली, परवानगीची वाट पाहत बसले नाहीत आणि त्याच रात्री तिला विमानाने रोमकडे रवाना केले. दोन वर्षांनी, १९६९ मध्ये, ते स्वतःही भारतातून गेले. ऑगस्ट १९७१ मध्ये भारत-सोव्हिएत मैत्री करार झाला. जे टळावे म्हणून त्यांनी आठ वर्षांपूर्वी ५० कोटींची योजना मांडली होती, तेच हे होते.