पडद्याआडचे सूर

ड्यूक एलिंग्टन यांचे नाव जगन्मान्य आहे. परंतु त्यांच्या वाद्यवृंदाची खूण ठरलेली ‘टेक द ए ट्रेन’ ही जाझ रचना त्यांची नव्हे, हे किती रसिकांना ठाऊक असते? ती पियानोवादक व संगीत-संयोजक बिली स्ट्रेहॉर्न यांची. १९१५ मध्ये अमेरिकेत जन्मलेले स्ट्रेहॉर्न १९३८ साली एलिंग्टन यांना भेटले आणि १९६७ मध्ये कर्करोगाने निधन होईपर्यंत, सुमारे तीन दशके, बहुधा त्यांच्याच छायेत राहिले. १९६३ मध्ये दोघेही भारतात आले; दिल्लीतील मैनेच्या शिळेतून त्यांची एक रचनाही जन्मास आली.

ही छाया गोमंतकीयांना अपरिचित नाही. सेबॅस्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस यांनी हिंदी चित्रपटगीतांचा वाद्यमेळ सजविला. नाव मात्र संगीतकाराचे झाले. एलिंग्टन यांनी निदान मित्राच्या निधनानंतर त्याच्या रचनांची स्वतंत्र ध्वनिमुद्रिका काढून ऋण मान्य केले. आमच्या चित्रसृष्टीला तेवढे औदार्य का सुचू नये? गीत प्रसारित करताना संयोजकाचेही नाव सांगण्यास मोल पडत नाही. पणजी आकाशवाणीने हा पायंडा पाडावा, अशी आमची सूचना आहे.